सोयाबीन निघाल्यावर

अनसिंगात शॉकअपचं काम सोयाबीन निघाल्यावर येतं. पावसाळाभर गाड्या हबकत-आदळत माझ्या गॅरेजसमोरून जात असतात. कोणाचा पुढचा डावा गेलाय ते मला नुसत्या आवाजावरून कळतं, पण ती गाडी आत काही वळत नाही. दिवाळीच्या सुमारास माल वाशिमच्या बाजार समितीत जातो. हाती आलेल्या पैशातून आधी कृषी केंद्राची उधारी फिटते, मग हरभऱ्याचं बियाणं, मग पोरांचे कपडे, आणि त्यातून उरलं तर गाडी. गाडीतसुद्धा पहिला मान बॅटरीचा, दुसरा टायरचा. शॉकअप सगळ्यांत शेवटी. कारण उघड आहे. बॅटरी मेली की गाडी उभी राहते, टायर फाटला की उभी राहते, शॉकअप मेला तरी गाडी चालते. आता ही चालते म्हणजे नेमकं काय करते, यावर गिऱ्हाइकाचं आणि माझं जमत नाही.

गिऱ्हाईक म्हणतं, "धक्के बसतात तं बसू दे राजा. आपल्याले काय गादीवर लोळत जायचं हाय?" त्याच्या हिशेबात शॉकअप म्हणजे सुखसोय. एसी असतो तसा. असला तर बरा, नसला तर काच खाली करायची. गाड्यांखाली झोपून आयुष्य काढल्यावर माझं मत वेगळं झालं आहे. माणसाची कंबर हा शॉकअपचा दुय्यम विषय. टायर रस्त्याला टेकून राहावा यासाठी त्याला तिथे बसवलेला असतो. ब्रेक, वळण, स्टिअरिंग हा सगळा कारभार टायरच्या तळहाताएवढ्या जागेवर चालतो, आणि ती जागा घडीला टेकलेली, घडीला उचललेली असली तर वरचा ड्रायव्हर कितीही हुशार असो, त्याच्या हातात फार काही उरत नाही.

आमचं गाव वाशिम–पुसद रस्त्यावर, वाशिमहून पंचवीसेक किलोमीटर. बाजाराचं गाव असल्यानं आसपासच्या खेड्यांचा राबता इथेच. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या गाडीनं डांबरी रस्ता, गिट्टी उखडलेला जोडरस्ता आणि पांदण, असं तिन्ही खाल्लेलं असतं. रस्त्याला आणि ठेकेदाराला शिव्या देणं सोपं आहे, मीही देतो. पण खालची जमीनही तशीच वांड आहे. बेसाल्ट झिजून झालेली ही काळी माती. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. ती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हात आकसते. मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. कपाशीला आणि सोयाबीनला जी माती पावते तीच रस्त्याला भोवते. मुरमाचा थर पातळ असला, कडेच्या नाल्या बुजलेल्या असल्या, की पाणी आत मुरतं, जमीन कुठं फुगते, कुठं बसते, आणि सपाट घातलेल्या डांबराला लाटा येतात. खड्डा दिसतो, त्यामुळे माणूस तिथे ब्रेक मारतो. लाट दिसत नाही. माझं निरीक्षण असं की शॉकअपचं आयुष्य खड्ड्यांपेक्षा या लाटाच जास्त खातात. खड्डा एकदा दणका देऊन मोकळा होतो. लाटांवर शॉकअपची दांडी गाव येईस्तोवर वरखाली होत राहते.

शिवाय गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो; गाडी त्यावर हळू चढते आणि हळू उतरते. गावात अपघात झाल्यावर लोक रातोरात जो घालतात तो हातभर रुंद आणि वीतभर उंच. त्यांचा राग मला समजतो. पण तशा गतिरोधकावर चाक एकदम वर उचललं जातं, शॉकअप तळाला आपटतो आणि आतला रबरी ठोकळा फुटतो. मग पुढच्या वेळी लोखंडावर लोखंड.

आता शॉकअप करतो काय ते सांगतो, कारण गॅरेजात हे समजावण्यात माझा जेवढा वेळ जातो तेवढा पाने फिरवण्यात जात नाही. गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही. ते काम स्प्रिंगचं, नाहीतर बोलेरोच्या मागे असतात त्या पाट्यांच्या कमानीचं. पण नुसती स्प्रिंग पितळी कड्यांच्या झोपाळ्यासारखी वागते. एकदा पाय दिला की आपली झोके घेतच राहते. तिला आवरायला शॉकअप. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि त्या भोकांवर पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा. चाक हललं की तेलाला त्या भोकांतून मुसंडी मारून जावं लागतं. हालचालीतली ताकद तेल तापवण्यात खर्च होते आणि ती उष्णता नळीच्या अंगावरून वाऱ्यावर जाते.

इथे दोन हालचाली वेगवेगळ्या आहेत. गाडीचं अंग सेकंदाला एक-दीड झोका घेतं. तो आत बसलेल्याला कळतो. चाकाची स्वतःची थरथर मात्र सेकंदाला दहा-बारा वेळा होते, आणि ती सहसा कोणालाच कळत नाही. ताशी 60 च्या वेगानं गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. म्हणजे शॉकअप सैल असला तर दर दीडेक मीटरला चाक एकदा जड, एकदा हलकं. नेमक्या हलक्या क्षणी ब्रेक दाबला किंवा स्टिअरिंग वळवलं, तर टायर ऐकत नाही. ओल्या रस्त्यावर तर अजिबात नाही.

यावरून एक परीक्षा निघते. अकोल्यात ज्या उस्तादांच्या हाताखाली मी शिकलो त्यांनी ती शिकवली. खराब रस्त्यावरून आठ-दहा किलोमीटर गाडी आणायची, उभी करायची आणि लगेच चारही शॉकअपच्या नळ्यांना हात लावून पाहायचा. जो काम करतो तो कोमट असतो. तीन कोमट आणि एक थंड निघाला तर तो थंडवाला मेला. फक्त हात घालताना सायलेन्सर आणि ब्रेकची डिस्क सांभाळायची, ती चटका देते. बॉनेट दाबून सोडायची परीक्षा सर्वांनाच ठाऊक आहे. दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डुलत राहिली तर शॉकअप गेला. पण तिच्यावर माझा पूर्ण भरवसा नाही. ठार मेलेला शॉकअप ती पकडते, अर्धमेला सुटतो. आणि आमच्याकडे अर्धमेल्यांचीच संख्या मोठी.

हे अर्धमेलं राहणं फार फसवं असतं. शॉकअप एका दिवसात जात नाही. झडपा झिजतात, तेल पातळ होतं, सील रोज थोडं थोडं झिरपतं, आणि गाडी चालवणारा रोज त्याच गाडीत बसत असल्यानं त्याची सवयही तेवढीच सरकत जाते. एका निवृत्त गुरुजींच्या ऑल्टोवरून मला हे नीट उमगलं. मला शाळेत शिकवलेले गुरुजी, त्यामुळे ते आले की मी अजून खुर्चीवरून उठतो. ते आले होते टायरसाठी.

"पुढचे दोनी टायर बदलून टाक," ते म्हणाले. "वर्ष नाई झालं घेऊन, आन् पाह्य कसे झाले ते."

मी चाक वळवून टायरवरून तळहात फिरवला. टायर कसा झिजला यावरून बरंच कळतं. एकाच कडेला झिजला तर अलाइनमेंट बिघडलेलं. मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला तर हवा कमी. गुरुजींच्या टायरवर यातलं काहीच नव्हतं. गोलाकार फिरत जाताना उंच-सखल-उंच-सखल असे टप्पे होते, मध्येमध्ये लचके तोडल्यासारखे. उडी मारत धावणाऱ्या चाकाचा टायर असा होतो. जिथे आपटतं तिथे खातं.

"गुरुजी, टायरचा काई गुन्हा नाई. नवे घातले तरी वर्षात असेच होतीन. शॉकअप गेले."

"मले तं काई धक्के जाणवत नाईत."

मागच्या सीटवर त्यांची सून लेकराला घेऊन बसली होती. ती आतूनच म्हणाली, "बाबा, तुमी एकडाव मांगं बसून पाहा ना."

गुरुजी मागे बसले, गाडी मी घेतली. बसस्टँडकडचे गतिरोधक, पुढे थोडा उखडलेला रस्ता आणि परत. मी मुद्दाम वेग त्यांचाच ठेवला. मागे बसणाऱ्याच्या हातात धरायला स्टिअरिंग नसतं आणि पुढचा खड्डा त्याला आधी दिसत नाही, त्यामुळे त्याचं अंग आधीच सावध होत नाही. आरशात मला गुरुजींनी छताची मूठ धरलेली दिसली. उतरल्यावर त्यांनी एकच विचारलं, "पुढचे का मांगचे?"

गाडी जॅकवर घेऊन खाली घोड्या लावल्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी जात नाही आणि पोरांनाही जाऊ देत नाही. पुढच्या डाव्या शॉकअपच्या नळीवर तेल ओघळून त्यावर धूळ बसून चिखलाची साल झाली होती. इथे एक खुलासा. नुसता ओलसरपणा म्हणजे गळती नव्हे. दांडी आत-बाहेर करताना सील थोडं तेल सोडतंच. ओघळ दिसला, खालपर्यंत आला, तर ती गळती. उजवा कोरडा होता. मागचे दोन्ही कमजोर, पण तग धरून होते.

गुरुजींनी अपेक्षित प्रश्न विचारला. "एकच गळते ना, मंग दोन कायले?"

हा प्रश्न मला सगळेच विचारतात आणि त्यामागे संशय असतो हेही मला ठाऊक आहे. मेकॅनिक दोन सांगतो म्हणजे त्याचं कमिशन असणार. पण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच वर्षं झिजलेला बसवला, तर एक चाक लगेच आवरतं आणि दुसरं हलत राहतं. जोरात ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढल्यासारखी वाटते. उजवा गळत नव्हता, पण तोही त्याच रस्त्यावर तितकेच किलोमीटर गेलेला. काढल्यावर मी दोन्ही उभे करून गुरुजींच्या हातात दिले आणि दांडी दाबायला सांगितली. डावा हवा भरल्यासारखा सर्रकन खाली गेला. उजवा थोडा अडला, मग तोही गेला. नवा दाबायला त्यांना दोन्ही हात आणि अंगाचा भार लागला. शिक्षक माणूस, एवढा प्रयोग त्यांना पुरला. पुढची जोडी लगेच, मागची तूर निघाल्यावर, असं ठरलं.

काम तसं कठीण नाही, पण दोन-तीन जागी बेफिकिरी चालत नाही. ऑल्टोच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन पद्धत असते. 14 डिसेंबर 1983 रोजी मारुती 800 ची पहिली गाडी मालकाच्या हाती गेली आणि पुढच्या वर्षांत छोटी कार खेड्यापर्यंत पोचली, तिच्यासोबत पुढच्या चाकांची ही मॅकफर्सन पद्धतही घरोघर आली. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरची ही कल्पना गेल्या शतकाच्या चाळिशीतली. शॉकअपच स्प्रिंगच्या पोटातून जातो आणि चाकाचा खांब होतो. जागा कमी लागते, सुटे भाग कमी लागतात. पण त्याचाच अर्थ असा की शॉकअप बदलायचा तर स्प्रिंग दाबून धरावीच लागते, आणि दाबलेल्या स्प्रिंगमध्ये क्विंटल-दोन क्विंटलचा जोर कोंडलेला असतो.

आधी चाक काढायचं. ब्रेकचा होजपाइप शॉकअपला क्लिपनं धरलेला असतो, तो सोडवायचा; विसरलात तर ओढला जाऊन आतून चिरतो आणि बाहेरून दिसत नाही. मग शॉकअपला नकलशी, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाशी, धरणारे दोन बोल्ट. ते सोडण्याआधी मी त्यांच्या जागेवर रंगाची रेघ मारतो, म्हणजे परत लावताना चाकाचा कल फार इकडेतिकडे होत नाही. आमच्याकडे हे बोल्ट चिखल-पाण्यानं गंजून धरलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं हे उत्तम. घणानं ठोकून काढलेल्या बोल्टचे आटे खराब होतात, आणि तोच बोल्ट परत बसवणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. शेवटी बॉनेटखालचे वरचे नट.

त्या वरच्या नटांच्या मधोमध एक मोठा नट असतो. खांब बाहेर काढून स्प्रिंग दोन्ही बाजूंनी कंप्रेसरनं आवळेपर्यंत त्या मधल्या नटाला पाना लावायचा नाही. एका गॅरेजात पत्र्याला पडलेलं भोक मी पाहिलं आहे. तिथल्या पोरानं स्प्रिंग दोरीनं बांधून नट सोडला होता. दोरी तुटली, स्प्रिंग छतातून गेली. पोरगा वाचला तो निव्वळ वाकलेला होता म्हणून. स्प्रिंग कंप्रेसरची जोडी काही फार महाग नसते. ती ज्याच्याकडे नाही त्यानं हे काम घेऊ नये आणि गिऱ्हाइकानं त्याला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नवा शॉकअप खोक्यातून काढून थेट बसवायचा नसतो. तो गोदामात आडवा पडलेला असतो, तेलात हवेचे बुडबुडे शिरलेले असतात. सरळ उभा धरून चार-पाच वेळा सावकाश पूर्ण दाबायचा आणि पूर्ण ओढायचा, म्हणजे हवा वर निघते. चमकती दांडी पक्कडीनं धरायची नाही. तिच्यावर केसाएवढा ओरखडा पडला तरी तो प्रत्येक फेरीत सील कापत राहतो आणि नवा शॉकअप पुढच्या पावसाळ्यात गळतो. मग गिऱ्हाईक म्हणतं कंपनी खराब. वरचं रबर, बेअरिंग, धुळीचं बूट आणि आतला ठोकळा यांची तपासणी याच वेळी करायची, कारण मजुरी तीच आहे. चारशे-पाचशे रुपयांसाठी फुटका ठोकळा परत घातला तर पुढच्या वीतभर गतिरोधकावर तो नव्या शॉकअपचा जीव घेतो.

मागचं काम ऑल्टोत सोपं, कारण तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. फक्त ॲक्सलखाली जॅकचा टेकू द्यायला विसरायचं नाही, नाहीतर शॉकअप सुटताच ॲक्सल खाली लोंबतो आणि स्प्रिंग जागा सोडते. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नयेत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन येऊ देऊन मग शेवटचा फेरा मारावा. हवेत आवळलेलं बुश गाडी खाली आल्यावर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पुढचे बदलल्यावर गुरुजींना वाशिमला अलाइनमेंट करायला पाठवलं. परत येऊन ते म्हणाले, "गाडी कडक झाली रे." हेही सगळे म्हणतात. इतके दिवस डुलणाऱ्या गाडीची सवय झालेली, त्यामुळे आवरून धरणारी गाडी कडक वाटते. मी म्हटलं, आठ दिवस चालवा. आठवड्याच्या बाजाराला आले तेव्हा त्यांनी शॉकअपचा विषयच काढला नाही. ब्रेक बरे लागतात, ब्रेकमध्ये काय केलं म्हणून विचारत होते. ब्रेकला मी हात लावला नव्हता. शॉकअप बरे असले की ब्रेक दाबताना नाक खाली आपटत नाही, चाकं रस्ता सोडत नाहीत, आणि माणसाला वाटतं ब्रेक सुधारले.

मालाबद्दलही बोलायला हवं. भारतात गॅब्रियलनं 1961 साली शॉकअपचं काम सुरू केलं, तेव्हापासून आपल्याकडे देशी बनावटीचा चांगला माल मिळत आला आहे. तरीही नामांकित खोक्यात भलताच माल भरलेला मी बाजारात पाहिला आहे. छपाई जरा फिकट, होलोग्राम तिरपा, आणि दांडी दाबून सोडली तर अडखळत वर येते. त्याहून वाईट म्हणजे जुना शॉकअप धुऊन, भोक पाडून तेल भरून, झाळून, काळा रंग मारून विकणं. दिसायला नवा, किमतीला निम्मा. मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कचं ऑइल सील बदलणं हे रीतसर काम आहे, तो भाग उघडण्यासाठीच केलेला असतो. कारचा शॉकअप कारखान्यातच कायमचा बंद करतात. तो फोडून आतल्या झिजलेल्या झडपा काही नव्या होत नाहीत. नुसतं तेल भरलेला शॉकअप महिना-दोन महिने बरा वागतो आणि तोवर विकणारा मोकळा होतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, बिल घ्या, आणि काढलेले जुने शॉकअप माझ्याकडेसुद्धा सोडू नका. घरी न्या, नाहीतर इथेच समोर ठोकून वाकडे करून घ्या.

आणखी एक गैरसमज. गाडी मागून खाली बसली की लोक शॉकअप मागायला येतात. बसलेली गाडी म्हणजे थकलेली स्प्रिंग किंवा तुटलेला पाटा. शॉकअपनं गाडी बोटभरही उचलली जात नाही. आमच्याकडे कुटुंबाची गाडी म्हणजे लग्नाला नऊ माणसं, पोहरादेवीच्या यात्रेला अकरा आणि हंगामात सीट काढून सोयाबीनच्या चुंगड्या. मग कोणीतरी बाजारातून स्प्रिंगच्या वेढ्यात घालायचे रबरी गुटके आणून देतं. गाडी इंचभर वर येते, मालक खूश. पण स्प्रिंग जेवढी ताठ, तेवढी तिची उसळी जोरात, आणि ती आवरणारा शॉकअप तोच जुना. गुटके घातलेल्या गाड्यांचे शॉकअप लवकर गळताना मी पाहतो. हे गुटके मी विकत नाही आणि बसवत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. तसंच खडखडीचं. दर दहा गाड्यांत निम्म्यांची खडखड लोअर आर्मच्या बुशची, बॉल जॉइंटची किंवा लिंक रॉडची निघते. पहार लावून ते आधी हलवून पाहावं. आवाज आला की शॉकअप, असं सांगणारा मेकॅनिक आळशी तरी आहे किंवा लबाड तरी.

हे सगळं खराब रस्त्यांचं झालं. मला हल्ली जास्त काळजी चांगल्या रस्त्याची वाटते. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. तो आमच्याच वाशिम जिल्ह्यातून, कारंजा-मालेगावच्या बाजूनं जातो. आता इकडची माणसं लग्नकार्याला, दवाखान्याला, पोराच्या ॲडमिशनला त्या रस्त्यानं जातात. कारला तिथे 120 ची मुभा आहे. रस्ता गुळगुळीत, त्यामुळे पांदणीवर रोज ओरडणारा शॉकअप तिथे गप्प बसतो आणि मालकाला वाटतं गाडी एकदम ठणठणीत. पण 100 च्या वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जाते. समोर डुक्कर आलं, पुढच्या ट्रकचा टायर फुटला, पुलाच्या सांध्यावर उसळी बसली आणि त्याच क्षणी स्टिअरिंग फिरवावं लागलं, तर गाडी आधी एका अंगावर झुकते, मग दुसऱ्या, आणि तो झोका आवरायला शॉकअपशिवाय कोणी नाही. गावात 40 नं चालणाऱ्या गाडीला अर्धमेला शॉकअप पचतो. तिथे पचत नाही. समृद्धीवर निघालो म्हणून टायरमध्ये हवा भरायला माझ्याकडे येणारे पुष्कळ. शॉकअप पाहून दे म्हणणारा अजून विरळा.

शॉकअप बनवणाऱ्या कंपन्या साधारण 80,000 किलोमीटरनंतर ते बदला असं सुचवतात. आमच्या पांदणींवर एवढी वाट पाहू नये. चाळीस-पन्नास हजारांपासून दर सर्व्हिसिंगला चाक काढून नळी पाहून घ्यावी, टायरवर हात फिरवून टप्पे लागतात का ते पाहावं. आणि जो गाडी चालवतो त्यानं अधूनमधून गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन मागे बसावं.

पैशाची ओढाताण मला कळते. मी याच गावात राहतो, उधारीची वही माझ्याकडेही आहे. टायर आणि शॉकअप दोन्ही मागताहेत आणि सध्या पैसे एकाचेच आहेत, असं असेल तर टायरची नक्षी मोजा. कायद्यानं कारच्या टायरवर किमान 1.6 मिलिमीटर नक्षी लागते. टायरच्या खाचांत तेवढ्याच उंचीच्या खुणा असतात. नक्षी त्या खुणांना टेकली असेल तर टायरला पर्याय नाही, आधी टायर. त्याहून जास्त शिल्लक असेल, तर टायर अजून एक हंगाम चालवा आणि आधी शॉकअपची जोडी घाला.